सही झाली, शिकणं राहिलं

दुपारचे अडीच वाजलेले. जेवण नुकतंच झालेलं. कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून खुर्च्यांच्या सरळ रांगा मांडलेल्या. समोर पांढरा पडदा, त्यावर एकामागून एक इंग्रजी स्लाइड सरकतेय. साहेब पहिल्या रांगेत मान डोलावत बसलेले. मधल्या रांगा डोळे उघडे ठेवण्याच्या प्रयत्नात. शेवटच्या रांगेत मांडीवर मोबाईल, आवाज बंद, क्रिकेटचा स्कोअर चालू. शेवटी बोलणारे गृहस्थ विचारतात, "एनी क्वेश्चन्स?" कुणीच काही विचारत नाही. मग टाळ्या, समोसा, चहा आणि हजेरीपत्रकावर सही.

नोकरी करणाऱ्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल. मला तर ते फारच ओळखीचं आहे, कारण ते मीच भरवलं होतं.

बडोद्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी एचआरचं काम बघते. कारखान्यात 84 माणसं. कुणी गुजराती बोलणारं, कुणी आपल्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेलं मराठी, तर बरेच जण उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले. चहूकडे कागदच कागद, त्यामुळे आगीची भीती कायमची. म्हणून आम्ही बाहेरून एक तज्ज्ञ बोलावले आणि आग विझवण्याचं दोन तासांचं ट्रेनिंग ठेवलं. माणूस खरंच हुशार होता. बोलायचाही छान. शेवटी फॉर्म भरून घेतले, तर जवळजवळ सगळ्यांनी 'उत्तम'वर खूण केलेली. मी फाइल बंद करून कपाटात ठेवली आणि निवांत झाले.

अडीच महिन्यांनी एका दुपारी वायरिंगमधून ठिणगी उडाली आणि खाली साठलेल्या कागदाच्या कात्रणांनी पेट घेतला. जवळ उभ्या असलेल्या हेल्परने भिंतीवरचा लाल सिलिंडर उचलला, आगीसमोर धरला आणि जिवाच्या आकांताने हँडल दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. शेवटी सिलिंडर टाकून त्याने पेटलेला गठ्ठा हातांनीच ओढून बाजूला केला. तेवढ्यात वॉचमन धावत आले, त्यांनी पिन ओढली आणि काही सेकंदांत आग विझली. ते पूर्वी सैन्यात होते.

नुकसान फार झालं नाही. पण त्या पोराचा उजवा तळहात भाजला. बलियाहून आलेला, जेमतेम वीस-एकवीसचा. दवाखान्यात पट्टी बांधताना मी त्याला विचारलं, "अरे, ट्रेनिंगला होतास ना तू? पिन दाखवली होती ना?"

तो म्हणाला, "मॅडम, पिन देखी थी. निकाली नहीं थी."

त्या संध्याकाळी मी कपाटातली फाइल काढली. त्याची सही तिथे होती. आणि ट्रेनिंग कसं वाटलं, याच्यापुढे 'उत्तम'.

सगळे गप्प का बसतात?

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. मिळेल ते वाचलं, ओळखीच्या एचआरवाल्यांना विचारलं, आणि मुख्य म्हणजे आमच्याच माणसांशी बोलले. पहिला प्रश्न हाच होता, की बाहेर चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलणारी माणसं ट्रेनिंगच्या खोलीत मुकी का होतात?

उत्तरं साधी होती. एक म्हणाला, "साहेब समोर बसलेले, चुकीचं बोललो तर?" दुसरा म्हणाला, "इंग्रजी शब्द ऐकले की मी मनातल्या मनात बंद होतो." एका ताईंनी सांगितलं, "खुर्च्यांच्या रांगा बघितल्या की शाळा आठवते. आणि शाळेत गप्प बसणाऱ्यालाच शहाणं म्हणायचे."

म्हणजे आळस हे कारण नव्हतंच. खोली आम्हीच अशी मांडली होती की बोलणं अवघड आणि गप्प राहणं सोपं व्हावं. मग ते बदलायचं कसं? आमच्याकडे ज्या गोष्टी चालल्या, त्या अगदी किरकोळ आहेत.

खुर्च्या रांगेत न लावता अर्धगोलात लावा. एकाला दुसऱ्याचा चेहरा दिसला की बोलणं आपोआप सुरू होतं.

सगळ्यांसमोर प्रश्न टाकू नका. आधी शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा, मग विचारा, "तुमच्या जोडीत काय ठरलं?" एकट्याने चुकायची भीती वाटते, दोघांनी मिळून चुकायची तेवढी वाटत नाही.

"काही शंका?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "नाही" असतं. त्याऐवजी कामातलाच प्रसंग द्या. "रात्रपाळीला तुम्ही एकटे आहात, पॅनेलमधून धूर येतोय. सगळ्यात आधी काय कराल?" यावर प्रत्येकाकडे काहीतरी उत्तर असतंच.

साहेबांना एक तर शिकणाऱ्यांत बसवा, नाही तर बाहेर चहा प्यायला पाठवा. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने जेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, की हा सिलिंडर मीही कधी हातात धरलेला नाही, तेव्हा खोलीतला ताण निम्मा उतरला.

आणि भाषा. एकाच भाषेचा हट्ट सोडा. आम्ही गट पाडले, प्रत्येक गटात मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे मिसळले आणि सांगितलं, की एकमेकांना समजेपर्यंत पुढे जायचं नाही. जो दुसऱ्यासाठी भाषांतर करतो त्याचं स्वतःचं पक्कं होतं, हा वरचा फायदा.

स्वयंपाकघरातला एक जुना प्रयोग

वाचताना एक प्रयोग सापडला आणि मला तो फार आवडला, कारण तो चक्क स्वयंपाकघराशी संबंधित आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. जनावराचं हृदय, मूत्रपिंड असे एरवी बाजूला टाकले जाणारे भाग लोकांनी खावेत, असं सरकारला वाटत होतं. पण घरोघरी नाकं मुरडली जात. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी गृहिणींचे काही गट केले. काही गटांना चांगलं व्याख्यान दिलं. त्यात पोषणमूल्यं, देशाची गरज, पाककृती असं सगळं होतं. बाकीच्या गटांत व्याख्यानाऐवजी चर्चा ठेवली. "तुमच्यासारख्या घरांत हे शिजवायला काय अडचण येईल?" असा प्रश्न टाकला. बायका बोलू लागल्या. नवरा खाणार नाही, वास येतो, मुलं तोंड वाकडं करतील. मग त्यावरचे उपायही चर्चेतूनच पुढे आले. शेवटी विचारलं, की येत्या आठवड्यात कोण करून बघणार? हात वर करा.

नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी फक्त 3 टक्के बायकांनी पूर्वी कधीही न केलेला असा पदार्थ घरी केला होता. चर्चा करून हात वर केलेल्यांत हे प्रमाण होतं 32 टक्के.

माहिती दोन्हीकडे होती, वेळही सारखाच, साधारण पाऊण तास. फरक एवढाच, की एकीकडे बायकांनी ऐकलं आणि दुसरीकडे अडचणी मांडल्या, तोड काढली आणि चारचौघींत शब्द दिला. आपल्या आजीला हे प्रयोगाविना ठाऊक होतं. तिने पुरणपोळी कधी व्याख्यान देऊन शिकवली नाही. पहिली फाटली, दुसरी जाड झाली, तिसरी जमली.

'छान वाटलं' म्हणजे 'शिकलो' नव्हे

मला सगळ्यात जास्त सतावत होते ते माझ्या फाइलमधले 'उत्तम'चे फॉर्म. सगळ्यांना ट्रेनिंग आवडलं होतं, मग शिकलं कुणीच कसं नाही?

याचं उत्तर 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळालं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटासमोर उत्तम वक्त्याने गुळगुळीत, ऐकत राहावं असं व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटाला तोच विषय, पण गणितं स्वतः सोडवायला लावून, आपसांत चर्चा करायला लावून शिकवला. परीक्षेत दुसरा गट पुढे गेला. पण "तुम्ही किती शिकलात?" असं विचारल्यावर जास्त शिकल्याची भावना होती ती व्याख्यान ऐकणाऱ्यांची!

का? कारण चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं. स्वतः करायला गेलं की अडखळायला होतं, घाम फुटतो आणि वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. वास्तविक त्या अडखळण्यातच शिकणं चाललेलं असतं.

ट्रेनिंगच्या क्षेत्रात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या प्रसिद्ध आहेत. पहिली, लोकांना ते कसं वाटलं. दुसरी, ते काय शिकले. तिसरी, कामाच्या जागी त्यांचं वागणं बदललं का. चौथी, त्यातून कामाला काय फायदा झाला. आपल्याकडची बहुतेक ट्रेनिंगं पहिल्या पायरीवर फॉर्म भरून घेतात आणि तिथेच समोसा खाऊन संपतात. आमचंही तेच झालं होतं.

आधी हातात द्या, मग बोला

दुसऱ्यांदा ट्रेनिंग ठेवायचं ठरलं तेव्हा मालकांनी विचारलं, "84 माणसं एकदम बसवली की काम एका दिवसात होतं. 12-12च्या सात बॅच कशाला?" मी कागदावर हिशेब मांडला. पहिल्या वेळी 84 माणसं दोन तास बसली, म्हणजे कामाचे 168 तास गेले. आता 12 जणांच्या सात बॅच, प्रत्येकी 40 मिनिटं, म्हणजे सगळे मिळून 56 तास. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

आराखडा मी नव्याने शोधून काढला नाही. महायुद्धाच्या वर्षांत, 1940 ते 1945 या काळात, अमेरिकेतल्या कारखान्यांतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी नवखी माणसं आली. त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. त्यांना भराभर तयार करण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम निघाला. त्यातून 16 लाखांहून अधिक लोक प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले. युद्धानंतर हीच पद्धत जपानला गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ती आपलीशी केली. तिच्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत, त्या आजही जशाच्या तशा वापरता येतात.

पहिली, शिकणाऱ्याला मोकळं करा आणि त्याला आधीच काय येतं ते विचारा. दुसरी, एकेक टप्पा करून दाखवा आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट ठासून सांगा. तिसरी, त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना हे का करायचं तेही त्याच्याच तोंडून ऐका. चौथी, त्याला एकट्याने करू द्या, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगा आणि अधूनमधून जाऊन बघा. समोरचा शिकला नसेल तर खोट शिकवणाऱ्यात आहे, असा या पद्धतीचा रोखठोक हिशेब आहे.

आम्ही असं केलं. रिफिलची मुदत जवळ आलेले 7 सिलिंडर बाजूला काढले, प्रत्येक बॅचला एक. नाहीतरी ते भरायला पाठवायचेच होते, त्यामुळे जादा खर्च नाही. शिवाय दोन रिकामे सिलिंडर हाताळायला ठेवले. पडदा नाही, स्लाइड नाही. बॅच आली की पहिल्याच मिनिटाला रिकामा सिलिंडर एकाच्या हातात दिला. पिन शोधा, सील तोडून ओढा. नळी धरा. हँडल दाबा. आता पिन परत लावा आणि पुढच्याला द्या. बाराही जणांचे हात त्याला लागले. कुणाला वजनाचा अंदाज नव्हता, कुणी पिन ओढताना हँडलही दाबून धरलेलं, त्यामुळे पिन अडकून बसलेली. हे कुठल्याच स्लाइडवर कधी कळलं नसतं.

मग बाहेर मोकळ्या जागेत, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, पत्र्याच्या ट्रेमध्ये छोटी आग पेटवली आणि दोघांनी ती भरलेल्या सिलिंडरने विझवली. बाकीचे बघत होते, चुका सांगत होते. "ज्वाळेवर नको, बुडाशी मार!" "एका जागी नको, डावीकडून उजवीकडे फिरव!" सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर सगळे चकित झाले. म्हणून तर नेम आधी, हँडल नंतर. विजेच्या आगीवर पाणी का मारायचं नाही, पाठीशी बाहेर पडायची वाट मोकळी का ठेवायची आणि आग आवाक्याबाहेर वाटली तर सिलिंडर सोडून बाहेर का पळायचं, हे प्रश्न त्यांनीच विचारले आणि बरीचशी उत्तरंही त्यांनीच दिली. एकदा थोडा जरी वापरला तरी सिलिंडर परत भरून घ्यावा लागतो, हे मात्र आम्हाला सांगावं लागलं.

आणि सातही बॅचमध्ये पिन कशी ओढायची हे दाखवलं ते बलियाच्या त्या पोराने. तळहातावरचा डाग अजून गेला नव्हता. तो फार बोलला नाही. हात पुढे करून दाखवायचा आणि सिलिंडर पुढच्याच्या हातात द्यायचा.

खेळ म्हणजे सहभाग नाही

सगळंच जमलं असं नाही. उत्साहाच्या भरात एका बॅचला मी चेंडू टाकायचा खेळ ठेवला, ज्याच्याकडे चेंडू जाईल त्याने एक नियम सांगायचा. आमचे जुने फिटरकाका उठून म्हणाले, "बेन, आम्ही काय बालवाडीत आलोय?" त्यांचं बरोबर होतं. लोकांना हसवणं वेगळं आणि कामाला लावणं वेगळं. तीस वर्षं मशीन सांभाळलेल्या माणसाला टाळ्या वाजवायला लावू नका, त्याला विचारा, "काका, तुमच्या काळात आग कशी लागली होती?" काकांनी मग अशी एक हकिकत सांगितली की चहाची सुट्टी झाली तरी कुणी उठेना.

तसंच, जे बोलत नाहीत त्यांना जबरदस्तीने उभं करू नका. काही माणसं ऐकून, हाताने करून शिकतात. त्यांना चिठ्ठीवर लिहू द्या, चित्र काढू द्या.

काही विषयांत तर जास्तच जपावं लागतं. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे. ठरावीक काळाने त्याविषयी कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घेणं ही कायद्यानेच मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. बहुतेक ठिकाणी कायद्याची कलमं वाचून दाखवतात आणि बायका खाली मान घालून बसतात. इथे स्वतःचा अनुभव सांगा असं चारचौघांत कधीही म्हणू नये, नाटुकली तर नकोच. आम्ही छोटे काल्पनिक प्रसंग कार्डांवर लिहिले. 'सुपरवायझर रोज रात्री उशिरा कामाशिवायचे मेसेज पाठवतो.' 'नको म्हटलं तरी सहकारी रोज सोबत चल म्हणतो.' गटाने ठरवायचं की हे चालेल का, नाही तर का नाही, आणि तिथे असणाऱ्या तिसऱ्या माणसाने काय करावं. प्रश्न विचारायला एक डबा ठेवला, चिठ्ठीवर नाव नको. सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता, तक्रार कधीपर्यंत करता येते? घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि योग्य कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. इतकी साधी आणि इतकी गरजेची गोष्ट आधीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितली गेली होती. पण ती कुणी विचारली नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती.

जामखेडच्या बायकांनी हे आधीच करून दाखवलं

शिकवणं म्हणजे समोरच्याला कोरी पाटी न समजणं, हे आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेलं आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावागावांतल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या. पुस्तक हातात देऊन उपयोग नव्हता. या बायका नेमाने केंद्रावर येत, गावात या आठवड्यात काय घडलं ते सांगत, एकमेकींच्या अनुभवांतून शिकत आणि परत जाऊन ते वापरत. बाळंतपण, मुलांचं जुलाबाचं दुखणं, पोषण या साऱ्यांत त्यांनी गावांचं आरोग्य बदलून दाखवलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातले डॉक्टर आजही जामखेडला शिकायला येतात.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका जर अशा शिकू शकतात, तर आमच्याकडच्या लोकांना समजत नाही, असं म्हणायला आपल्याला कुठे जागा उरते?

पडद्यामागे पोहे परतणारी भाची

आता पुष्कळ ट्रेनिंगं ऑनलाइन होतात. माझी भाची बंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माहितीच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग चालू असताना तिचा कॅमेरा बंद आणि ती स्वयंपाकघरात पोहे परततेय, हे मी स्वतः पाहिलंय. शेवटची दहा प्रश्नांची परीक्षाही उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून सगळ्यांनी पास केली!

नंतर तिच्या टीमने वेगळा प्रयोग केला. एका सकाळी सगळ्यांना कंपनीनेच खोटा मेल पाठवला, 'तुमचा पगार अडकला आहे, इथे क्लिक करा.' बऱ्याच जणांनी क्लिक केलं, भाचीनेही. कुणाचंही नाव जाहीर न करता दुसऱ्या दिवशी छोट्या छोट्या गटांत तोच मेल उघडून चर्चा झाली. पत्त्यातलं एक अक्षर कसं वेगळं होतं, घाई करायला लावणारी भाषा कशी होती. भाची म्हणते, "मावशी, तेव्हापासून प्रत्येक मेलचा पत्ता बघते." त्या दिवशी पोहे करपले असते तरी चाललं असतं.

ऑनलाइन ट्रेनिंग घेत असाल तर साधे नियम पाळा. दर सात-आठ मिनिटांनी लोकांना काहीतरी करायला लावा. चॅटमध्ये एक शब्द लिहा, तीन-चार जणांच्या गटात जाऊन एक निर्णय घेऊन या. दोन तासांचं एक सत्र घेण्यापेक्षा अर्ध्या तासाची चार घ्या, वेगवेगळ्या दिवशी.

विसरण्यावरचा उतारा

कितीही रंगलेलं ट्रेनिंग असो, माणूस विसरतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीला फार भराभर विसरलं जातं. त्यावरचा उतारा म्हणजे तेच पुन्हा वाचून दाखवणं नव्हे. काही दिवसांनी विचारा. आठवण्याचा प्रयत्न केला की गोष्ट पक्की होते, हे नंतरच्या अनेक प्रयोगांतून दिसलेलं आहे.

आम्ही दर सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो. "तुमच्या मशीनपासून सगळ्यात जवळचा सिलिंडर कुठे आहे? बोट दाखवा." "काटा हिरव्यात नसेल तर कुणाला सांगाल?" दोन मिनिटांत होतं. दर 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. पूर्वी त्या दिवशी आम्ही शपथ वाचायचो आणि बॅज लावायचो. आता त्याच्या जोडीला न सांगता भोंगा वाजवतो आणि सगळे बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजतो.

आणि तुम्ही ट्रेनिंग देणारे नसून घेणारे असाल तर? तर एक काम नक्की करा. आपल्या रोजच्या कामातली एक खरी अडचण चिठ्ठीवर लिहून सोबत न्या आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत उठू नका. बहुतेक वेळा तोच प्रश्न आणखी दहा जणांच्या मनात असतो.

"दे इकडे, मी करून देते"

हे सगळं करत असताना एका संध्याकाळी घरी माझीच चोरी पकडली गेली. आई 68 वर्षांची. तिला मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकायचं होतं. मी तिला तीन-चारदा 'शिकवलं' होतं. म्हणजे काय, तर तिच्या हातातून फोन घ्यायचा, भराभर बोटं फिरवायची आणि म्हणायचं, "हे बघ, झालं. सोपंय ना?" त्या दिवशी ती पुन्हा अडली आणि मी सवयीने म्हणाले, "दे इकडे, मी करून देते."

आई म्हणाली, "तूच करणार असशील तर मी कधी शिकणार?"

मी हात मागे घेतले, अक्षरशः पाठीमागे धरून उभी राहिले. फोन तिच्या हातात. तिने मला 1 रुपया पाठवायचा. पहिल्यांदा चुकीचं बटण दाबलं, दुसऱ्यांदा पिन चुकला, मध्ये एकदा चिडली. मला बोलावंसं वाटत होतं, पण जीभ चावून गप्प राहिले. सव्वादहा मिनिटांनी माझा फोन टिंग वाजला. मग मी तिला विचारलं, "आई, तुला पैसे मिळणार आहेत असं सांगून कुणी पिन टाकायला लावला तर?" ती जरा विचार करून म्हणाली, "पैसे यायला पिन कशाला लागेल? पिन तर पैसे जायला लागतो." हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने करून पाहिलं होतं, म्हणून तिला कळलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना ती हेच समजावून सांगत होती आणि फोन काकूंच्याच हातात होता.

आता आमच्या हजेरीपत्रकात सहीशेजारी आणखी एक रकाना आहे, 'स्वतः करून दाखवलं'. तो शिकणाऱ्याने भरायचा नाही आणि मीही नाही. त्याच्या बॅचमधला जो सोबती बघत उभा होता, त्याने भरायचा. मागच्या महिन्यात नवे पाच हेल्पर आले. त्या पाचही नावांपुढचा रकाना बलियाच्या त्या पोराने भरला. एकाच्या नावापुढे मात्र त्याने आधी फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'कल फिर से.' दुसऱ्या दिवशी फुली खोडून त्याने तिथे बरोबरची खूण केली.